तिसऱ्या स्लाइडवर किंमत

२०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये चोरीला गेले. त्यानंतर आमच्यासारख्या लहान नागरी सहकारी बँकांकडे सायबर सुरक्षा विकणाऱ्यांची रीघ लागली. संगणक विभाग माझ्याकडे, त्यामुळे बहुतेक बैठकांना मी असायचो. सगळ्यांची पहिली स्लाइड एकच, कॉसमॉसच्या बातमीचं कात्रण. दुसरीवर लाल ठिपक्यांनी भरलेला जगाचा नकाशा. तिसरीवर किंमत.

एकाने चेअरमनसाहेबांना तोंडावरच विचारलं, "सर, उद्या पेपरात तुमच्या बँकेचं नाव आलं तर सभासदांना काय सांगाल?" साहेबांचा चेहरा उतरला. महागडी फायरवॉल तिथल्या तिथे मंजूर व्हायच्या बेतात होती. मी एवढंच विचारलं, की हे उपकरण कॉसमॉसमध्ये असतं तर नेमकं काय अडलं असतं? उत्तर आलं, "सर, आजकाल काहीही होऊ शकतं."

हे उत्तर आलं की कोटेशनवर सही करू नये. कॉसमॉसमध्ये 'काहीही' झालं नव्हतं, फार ठरावीक गोष्ट झाली होती. एटीएमवर कार्ड घातलं की मधला दुवा असलेला स्विच खात्यांचा हिशोब ठेवणाऱ्या कोअर बँकिंगला विचारतो, खात्यात पैसे आहेत का? चोरांनी मध्ये बनावट स्विच घुसवला आणि तो कोणालाही न विचारता परस्पर होकार देत राहिला. क्लोन केलेल्या कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले, सोमवारी स्विफ्ट या आंतरबँक संदेश यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एटीएममधली लूट झाली ती शनिवारी.

यातून आमच्यासाठी निघालेले प्रश्न साधे होते. आमचा स्विच बाहेरच्या सेवादाराकडे आहे, तर स्विच आणि कोअर बँकिंग यांचा ताळमेळ किती वेळाने लागतो? परदेशी व्यवहार सगळ्या कार्डांवर चालू कशाला? शनिवारी रात्री विचित्र व्यवहार सुरू झाले तर इशारा कोणाच्या मोबाइलवर येतो, आणि तो माणूस कार्ड बंद करू शकतो का? यातलं बरंचसं सेवादाराला पत्र लिहून झालं. फायरवॉल आम्ही पुढे घेतलीच, पण जुनीचा सपोर्ट संपला म्हणून, आणि बरंच लहान मॉडेल.

दुसरा सापळा 'मोफत तपासणी'चा. अहवाल जाडजूड, निम्मा लाल. एक लाल ओळ होती, वेबसाइटचा ८० क्रमांकाचा पोर्ट उघडा. तो ग्राहकाला सुरक्षित पत्त्याकडे वळवण्यापुरताच उघडा असतो. दुसरी होती, डार्क वेबवर तुमच्या अधिकाऱ्याचा पासवर्ड! निघाला तो लिंक्डइनच्या २०१२च्या गळतीतला, आणि अधिकारी केव्हाच निवृत्त. आपला ईमेल अशा गळतीत आहे का, हे ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर कोणालाही फुकट पाहता येतं. म्हणून प्रत्येक लाल ओळीपुढे लिहून मागा: कोणतं मशीन, चोर तिथून पुढे काय करेल, आणि काहीही विकत न घेता हे दुरुस्त होतं का.

हल्ली नवा बागुलबुवा २५० कोटींच्या दंडाचा. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो आकडा आहे, पण कमाल मर्यादा म्हणून. चूक किती गंभीर, किती काळ चालली, नुकसान आवरायला काय केलं, हे पाहून रक्कम ठरवायची आहे. विक्रेता हे वाक्य गाळतो.

ही रीत जुनीच. मार्च १९९२मध्ये मायकेलँजेलो व्हायरस पन्नास लाखांपर्यंत संगणक बुडवेल, असं अँटिव्हायरस विकणारे जॉन मॅकॅफी सांगत होते. बुडाले काही हजार. मात्र अशा आकड्यांना हसून सोडून देणंही महागात पडतं. मे २०१७मध्ये वॉनाक्रायने जगभर संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्याला रोखणारा विंडोजचा पॅच मार्चपासूनच उपलब्ध होता, तोही फुकट. फुकट गोष्टीवर कमिशन नसतं, म्हणून तिची स्लाइडही नसते.

संचालकांनी कोटेशन वाचताना शेजारी रिझर्व्ह बँकेचं १९ ऑक्टोबर २०१८चं परिपत्रक ठेवावं. नागरी सहकारी बँकांसाठीच्या त्या मूलभूत चौकटीत मशीनची यादी, पॅच, कोणाला कोणते अधिकार, बॅकअप अशी कंटाळवाणी कामं आहेत. कोटेशनमधली वस्तू यातल्या कोणत्या कामाची, हे विक्रेत्याला दाखवता आलं पाहिजे. "ऑफर मार्चअखेरपर्यंतच" असं कोणी म्हणालं तर विषय खुशाल एप्रिलच्या बैठकीत घ्यावा.

भीतीचं एक नुकसान मात्र कोटेशनमध्ये दिसत नाही. एका कंपनीने आमच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, "तुमच्या एका क्लिकने बँक बुडेल." त्यानंतर संशयास्पद मेलबद्दल मला येणारे फोनच बंद झाले. लोक क्लिक करायचे थांबले नव्हते, सांगायचे थांबले होते. इकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. घाबरलेला क्लार्क संध्याकाळपर्यंत गप्प बसला तर चोराला तेवढा वेळ आयता मिळतो. आता प्रत्येक शाखेत टेबलाच्या काचेखाली माझा नंबर आणि एवढाच मजकूर आहे: शंका आली तर नेटवर्कची वायर काढा, मशीन बंद करू नका, लगेच फोन करा. मेमो मिळणार नाही.