पलटणीच्या दप्तरातील आपले पूर्वज कसे शोधावेत?

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांत 'आमचे पणजोबा पलटणीत होते' असे सांगतात. पलटण कोणती, साल कोणते, हे विचारले की घरातील मंडळी गप्प होतात. मग एखादा उत्साही विद्यार्थी जुन्या यादीत आपले आडनाव शोधतो आणि ते नाही म्हणून वडीलधाऱ्यांचे सांगणेच खोटे ठरवितो. पण त्या यादीत आडनाव बहुधा नसतेच!

कोरेगावचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ जणांची नावे त्यावर आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. शिपायाचे नाव आणि मागे बापाचे, एवढीच ओळख. बाबासाहेबांच्या घराण्याचेच उदाहरण घ्या. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, कुळाचे आडनाव सकपाळ. आजोबा मालोजी लष्करात, वडील रामजी सुभेदार. 'आंबेडकर' हे नाव साताऱ्याच्या शाळेत १९०० साली नोंदले गेले, तेव्हा सुभेदार निवृत्त झालेले होते. पलटणीत 'आंबेडकर' शोधणाऱ्यास सुभेदार कसे सापडावेत?

दुसरी अडचण स्पेलिंगची. साहेब कानाला पडेल तसे लिही. 'अ' साठी यू, 'ऊ' साठी दोन ओ, 'ई' साठी दोन ई ही त्या काळची रीत. खुद्द रत्नागिरीचे जुने स्पेलिंग आर-यू-टी असे सुरू होई. म्हणून जी-यू-एन-एन-ओ-ओ असे दिसले तर तो कोणी 'गुन्नू' नव्हे, आपला गणू होय. 'नाक' देखील कधी एन-ए-सी, तर कधी एन-ए-के. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, त्यामुळे आपल्याकडील कागदही सरळ नाहीत. बँकेत दोन सह्या ताडून पाहण्याची सवय असल्याने मला यात गंमत वाटते, पण घाईच्या माणसाचे हे काम नव्हे.

आरंभ घरच्या ट्रंकेपासून करावा. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, पदकाची कड (तीवर पुष्कळदा नंबर व नाव कोरलेले असते). नंबर मिळाला तर सोने समजा, कारण आकड्याचे स्पेलिंग होत नाही. पहिल्या महायुद्धासाठी १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली होती. त्या युद्धात मरण पावलेल्यांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. अनेक नोंदींत बापाचे नाव व गावही असते. जे जिवंत परतले ते तेथे नाहीत. त्यांच्यासाठी तहसील कचेरीतील गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, पाहावे. जातपडताळणीच्या निमित्ताने आपल्यातील अनेकांना ते ठाऊक आहेच.

हा खटाटोप कशासाठी? १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. तेव्हा दापोलीस राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारसाठी अर्ज तयार केला. त्यात आधार होता तो वाडवडिलांच्या लष्करी सेवेचाच.

एका नावाची पाच-सहा स्पेलिंगे वहीत मांडावीत. बापाचे नाव, गाव आणि नंबर या तिहींपैकी दोन जुळल्याशिवाय मात्र कोणालाही आपला पणजोबा म्हणू नये. गणू सखाराम गावोगाव होते.