स्टँप पेपरवरची सही

पुणे,
फाल्गुन

चि. अमेय,

तुझं पत्रक मिळालं. एसी दुरुस्ती, गॅस चार्जिंग, बसवणं-काढणं, वार्षिक करार, सगळं आहे. तुझ्या बाबांनी फोनवर आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगितली. तू प्रत्येक मुलाकडून स्टँप पेपरवर लिहून घेतलं आहेस म्हणे, "मी स्वतःच्या जबाबदारीवर काम करत आहे, अपघात झाल्यास मालकाकडे काही मागणार नाही." हे पत्र त्या स्टँपसाठी लिहिते आहे.

मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर नोकरी केली, त्यामुळे असे कागद बरेच पाहिले. कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्याने शून्य ठरतो. 1923 च्या भरपाई कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं होतं. आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, पण हिशेबाची रीत तीच आहे. मृत्यू झाला तर पगाराचा निम्मा भाग वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचा. तुझा एखादा मुलगा पंचवीस वर्षांचा असेल, तर तो आकडा 216.91. हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात. म्हणजे 7,500 गुणिले 216.91, झाले 16,26,825 रुपये. तुझ्या दोन्ही गाड्या विकूनही एवढे उभे राहणार नाहीत.

"पण त्याने बेल्ट लावलाच नव्हता," असं म्हणायची सोय आहे असं तुला वाटेल. किरकोळ दुखापतीत ती थोडीफार आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, की दारू प्यायला होता, सांगितलेलं ऐकलं नाही, यातलं काहीही भरपाई टाळायला चालत नाही. शिवाय घरच्यांच्या हातात परस्पर पैसे ठेवून मिटवलं, तर ती कायद्याने दिलेली भरपाई धरत नाहीत. रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. महिन्याभरात दिली नाही तर व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वर दंड. तो दंड विम्यातूनही सहसा मिळत नाही.

म्हणून दोन पॉलिसी हव्यात. पहिली कर्मचारी भरपाईची. तिच्यात रोजंदारीवरचा हेल्परसुद्धा मोजायचा आणि पगार खरा लिहायचा. हप्ता वाचवायला चौघांऐवजी दोघं दाखवणारे मालक नेमके तिसऱ्याच्या अपघातात अडकतात. दुसरी सार्वजनिक दायित्वाची. आठव्या मजल्यावरून पाना निसटला आणि खालच्या माणसाला किंवा गाडीला लागला, त्यासाठी ती. मात्र ज्या एसीवर तुझा मुलगा काम करत होता तोच जळाला, तर बहुतेक पॉलिसींत ते नुकसान वगळलेलं असतं. वगळलेल्या गोष्टींचं पान सगळ्यात आधी वाच; एजंट ते शेवटी दाखवतात. माणसं दहा झाली की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, पाहावा लागेल. 21,000 पर्यंत पगाराच्या माणसांसाठी 3.25 टक्के तू भरायचे, 0.75 टक्के त्यांच्याकडून कापायचे. त्या माणसांची कामावरच्या अपघाताची भरपाई मग तिकडून होते.

हे सगळं झालं कागदाचं. आता खिडकीबाहेरचं.

आपल्याकडे बिल्डर आउटडोअर युनिटसाठी जागा सोडतात ती अशी, की दुरुस्ती करणारा माणूस तिथे कधी पोहोचेल याचा विचारच नाही. मग मुलं खिडकीतून बाहेर पडून छज्ज्यावर उभी राहतात, नाहीतर गंजलेल्या स्टँडवरच बसतात. फुल बॉडी हार्नेस घे, आय.एस. 3521 ची खूण पाहून. एकदा कोणी त्यावर लटकलं, की तो फेकून दे. पण पट्ट्यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो अडकवायचा कुठे. खिडकीच्या ग्रिलला अडकवणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. आत भिंतीत किंवा बीममध्ये पक्का अँकर मिळत नसेल, तर ते काम बाहेरून करायचं नाही. बकेट लिफ्ट किंवा मचाण सांगायचं आणि त्याचे पैसे गिऱ्हाईकाकडून मागायचे. गिऱ्हाईक दुसऱ्याला बोलावेल. बोलावू दे.

बाकीचं तुला येतं. कपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचा. एमसीबी बंद करून त्यावर चिकटपट्टी लावायची, नाहीतर घरातलं कोणीतरी "बंद का आहे" म्हणून चालू करतं. गळती तपासताना नायट्रोजनच, तोही रेग्युलेटर लावून. ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी आहे म्हणून तो लावला, तर कंप्रेसरच्या तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. आर-32 आग धरू शकतो, तेव्हा ब्रेझिंगआधी गॅस काढून खोली मोकळी करायची.

तरीही मुलं बेल्ट काढून ठेवतील, कारण तू त्यांना कॉलमागे पैसे देतोस. एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ कॉल झाले की कमाई, बेल्ट बांधत बसलं तर सहाच. सुरक्षेचा नियम एका बाजूला आणि तुझाच पगाराचा तक्ता दुसऱ्या बाजूला खेचतो आहे. त्यात तक्ता जिंकणार. म्हणून बाहेरच्या युनिटच्या कॉलला दीडपट धर, आणि जागा धोक्याची म्हणून जो मुलगा परत येईल, त्याला त्या कॉलचे पूर्ण पैसे दे. दोनचार लबाड या सवलतीचा फायदा घेतील. ते नुकसान मी सोळा लाखांशेजारी ठेवून पाहते.

प्रस्तावाचा फॉर्म भरलास की सही करण्याआधी मला पाठव. कामाच्या रकान्यात नुसतं "एसी दुरुस्ती" लिहू नकोस. "उंचीवरचं काम, इमारतीच्या बाहेरच्या बाजूने" असं लिही आणि किती मजल्यांपर्यंत तेही घाल. हप्ता वाढेल, एजंट कुरकुरेल. गुढीपाडव्याच्या आत पॉलिसी हातात हवी. सीझन तुझी वाट पाहणार नाही. ते स्टँप पेपर मुलांना परत देऊन टाक.

तुझी,
आत्या