क्षारसूत्र : एका प्राचीन व्रणोपचाराची परीक्षा

फोड, गळू, चिघळलेली जखम यांवर वनस्पतींचा उपचार करण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे. हळदीचा लेप, कडुनिंबाच्या पाल्याचा काढा आणि करंजाचे तेल ही त्याची घरोघरी परिचित असलेली उदाहरणे होत. अशा अनेक वनस्पतींचे अर्क प्रयोगशाळेतील काचपात्रात जंतूंची वाढ रोखतात, असे आढळून आले आहे. परंतु काचपात्रातील जंतू मरणे आणि रोगी बरा होणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरी गोष्ट सिद्ध करावयाची तर प्रत्यक्ष रोग्यांमध्येच उपचारांची तुलना करावी लागते. अशी तुलना झालेला एक उपचार वाराणसीशी निगडित आहे.

काही व्रणांचे तोंड त्वचेवर लहानसेच दिसते. पण तेथून पू वाहणारी एक नळी आत खोलवर गेलेली असते. आयुर्वेदात यास नाडीव्रण म्हणतात. गुदद्वाराजवळील अशा विकारास भगंदर हे नाव आहे. नळी आतून दूषित राहत असल्यामुळे वरून लावलेला लेप निरुपयोगी ठरतो. सुश्रुत हा काशिराज दिवोदास धन्वंतरी यांचा शिष्य, अशी परंपरा आहे. कृश, दुर्बळ व भित्र्या रोग्यांची नाडी शस्त्राने न छेदता क्षारसूत्राने छेदावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे.

वाराणसी येथील बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात या उपचाराचे पुनरुज्जीवन केले. सूत्राची कृतीही निश्चित झाली. मजबूत दोऱ्यास थोराच्या चिकाचे ११ लेप, नंतर चीक व आघाड्याचा क्षार यांचे ७ आणि शेवटी चीक व हळद यांचे ३, असे एकूण २१ लेप देतात. प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा चढवितात. हा दोरा नळीतून ओवून बांधतात व साधारणपणे दर आठवड्यास बदलतात. क्षारामुळे नळीचे दूषित अस्तर झडते, पू बाहेर वाहून जातो आणि दोरा हळूहळू मार्ग कापीत असता मागची जखम भरत येते.

या उपचाराची शस्त्रक्रियेशी तुलना भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत केली. तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. यदृच्छया निवड करून २६५ रोग्यांना क्षारसूत्र व २३७ रोग्यांना शस्त्रक्रिया असे उपचार ठरविण्यात आले. त्यांपैकी अनुक्रमे १५५ व १६० रोग्यांची एक वर्षपर्यंत पाहणी करता आली. क्षारसूत्राने जखम भरण्यास ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. मात्र रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रानंतर शेकडा ४ आणि शस्त्रक्रियेनंतर शेकडा ११ आढळले. उपचार चालू असताना क्षारसूत्राचा रोगी हिंडता-फिरता राहू शकतो, हाही लाभ आहे.

बरेच रोगी अखेरपर्यंत पाहणीत राहिले नाहीत, ही या चाचणीची मर्यादा होय. तरीही तिचे महत्त्व मोठे आहे. कारण तिने जुन्या उपचाराचा गुण आणि दोष दोन्ही मोजून दाखविले. हा पुरावा भगंदरावरील क्षारसूत्रापुरता आहे. त्यावरून हळदीचा प्रत्येक लेप गुणकारी ठरत नाही. शिवाय थोराचा चीक त्वचेचा व डोळ्यांचा दाह करतो. म्हणून हा उपचार घरी करावयाचा नसून प्रशिक्षित वैद्याकडूनच करून घेणे आवश्यक आहे.