घराचे छप्पर बदलताना : परिसर अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

विषयाची निवड

मृग नक्षत्र जवळ आले, की एरंडोल, कासोदा व आसपासच्या गावांतून धाब्यांवर खारी माती टाकण्याची लगबग सुरू होते. काही ठिकाणी जुने धाबे उतरवून पत्रे चढविले जातात, तर काही ठिकाणी काँक्रीटचा स्लॅब पडतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मुलांच्या मनात ही कामे ताजी असतात. त्यांचा उपयोग करून गणित, विज्ञान व भूगोल या तिन्ही विषयांचा एक जोडपाठ घेता येतो. पाठाचा हेतू केवळ माहिती देण्याचा नाही. जुने धाबे पावसाच्या झडीत कोसळते, त्या वेळी घरातील माणसे बहुधा त्याच्याच खाली निजलेली असतात. छप्पर किती भार वाहते आणि तो भार कोण पेलते, हे मुलांना उमगले तर ती घरी जाऊन योग्य वेळी योग्य प्रश्न विचारतील.

धाब्याची रचना

प्रथम फळ्यावर धाब्याचा उभा छेद काढावा. मातीच्या जाड भिंती, भिंतींवर व खांबांवर टेकलेल्या तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा पऱ्हाट्या-तुराट्यांचा थर, त्यावर निंबाचा पाला, मग माती आणि सर्वांत वर खारी. मुलांकडून ही नावे काढून घ्यावीत. त्यांच्या घरी वापरात असलेले शब्द आपल्या शब्दांहून निराळे असतील, तर तेही फळ्यावर लिहावेत.

खारीच का, हा प्रश्न विज्ञानाचा आहे. खाऱ्या मातीत सोडियमचे क्षार असतात. पाणी लागताच तिचे बारीक कण सुटे होऊन फुगतात आणि मातीतील छिद्रे बुजतात. म्हणून पाणी खाली न झिरपता उतारावरून पन्हळीकडे जाते. जी माती शेताला नकोशी, तीच घराला हवीशी, हे मुलांना सहज पटते. दोन छिद्रे पाडलेल्या डब्यांत खारी व काळी माती सारख्या जाडीने दाबून, वर सारखेच पाणी ओतून हा प्रयोग वर्गात करावा.

भाराचे गणित

चार मीटर लांब व तीन मीटर रुंद अशी एक खोली घ्यावी. छताचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. धाब्यावरील मातीची जाडी २५ सेंटिमीटर धरली, तर घनफळ ३ घनमीटर. एक घनमीटर कोरडी माती सुमारे १६०० किलोग्रॅम भरते. म्हणजे त्या एका खोलीवर ४८०० किलोग्रॅम माती आहे. तिने आपल्या वजनाच्या एकपंचमांश पाणी शोषले, तर ९६० किलोग्रॅमची भर पडते.

आता दरवर्षीच्या खारीचा हिशेब करावा. एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे १९२ किलोग्रॅम. त्यातील निम्मी माती पावसाने वाहून गेली असे धरले, तरी दहा वर्षांत ९६० किलोग्रॅम भार वाढतो. लाकूड मात्र दहा वर्षांत जाड होत नाही. उधई व ओल यांनी ते झिजतेच. गळते धाबे पाहून आणखी माती टाकणे हा पुष्कळ घरी उपाय समजला जातो. परंतु जुनी माती खरवडून काढल्याशिवाय नवी टाकणे म्हणजे थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोते चढविणे होय.

तुलनेसाठी दुसरी दोन छपरे घ्यावीत. पन्हळी पत्रा चौरस मीटरला सुमारे ५ किलोग्रॅम धरल्यास त्याच खोलीवर ६० किलोग्रॅम भार येतो. दहा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब सुमारे ३००० किलोग्रॅम भरतो. यावरून मुलांना दोन निष्कर्ष काढू द्यावेत. पत्रा हलका असल्याने त्याला खाली पडण्याचे भय थोडे, पण वादळात उडण्याचे भय मोठे. म्हणून आकड्यांनी व बोल्टांनी तो घट्ट बांधलाच पाहिजे, नुसते दगड ठेवून भागत नाही. स्लॅब मातीच्या जुन्या भिंतींवर टाकू नये. त्यास पाया, खांब व तुळया यांचा स्वतंत्र आधार हवा.

प्रदेश व छप्पर

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. जाड मातीचे छप्पर अशा हवेला मानवते, कारण दिवसाचे ऊन खोलीत उतरण्यास रात्र उजाडते. कोकणात पाऊस तिप्पट-चौपट. तेथे उतरती कौलारू छपरे. हिमाचलात बर्फ घसरून पडावे म्हणून छप्पर तिरके करतात. आपल्या खोलीएवढ्या सपाट छतावर ३० सेंटिमीटर ताजे बर्फ पडले, तर भार सुमारे ३६० किलोग्रॅम होतो. तेच बर्फ आणखी पडत व दबत गेले, की तो कैक पटींनी वाढतो. तेथे भार आकाशातून येतो, आपल्याकडे तो आपणच पाटीने वर नेतो.

लडाखात मात्र आपल्यासारखीच सपाट मातीची छपरे आहेत. लेह येथे वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर असल्याने ती टिकत आली. ऑगस्ट २०१० मध्ये तेथे ढगफुटी झाली, तेव्हा पूर व चिखलाच्या लोटांनी मातीच्या घरांची मोठी हानी केली. ज्या हवेसाठी छप्पर बांधले, तिच्या पलीकडचा पाऊस आला की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

मुलांनी घरी पाहावयाच्या गोष्टी

१. तुळई मध्यभागी वाकली आहे काय?
२. तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथे ओल, भेग किंवा उधईची माती दिसते काय?
३. छतातून बारीक माती झरते काय? पूर्वी नीट लागणारे दार अडकू लागले आहे काय?
४. पन्हळी मोकळ्या आहेत काय?

पहिल्या तीनपैकी एकही खूण दिसली, तर वडीलधाऱ्यांना सांगावे, झडीच्या दिवसांत त्या खोलीत निजू नये आणि जाणत्या सुताराकडून तुळया तपासून घ्याव्यात. धाबे उतरविताना माती दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी थोडी काढावी. काढलेला ढीग भिंतीला टेकून रचू नये. मुलांना खाली उभे राहू देऊ नये. पत्रे घातल्यास वर चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि खाली तुराट्यांचे किंवा बांबूच्या चटईचे आढे करून मध्ये हवा खेळण्यास जागा ठेवावी. उन्हाचा ताप बराच कमी होतो.

शिक्षकांस सूचना

कोणाचे घर कसे आहे, हे वर्गात जाहीर विचारू नये. वही प्रत्येकाने आपापली भरावी व ती शिक्षकानेच पाहावी. ज्या मुलाच्या वहीत धोक्याच्या खुणा आढळतील, त्याच्या पालकांना शिक्षकाने स्वतः जाऊन भेटावे. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली असून तीत किमान २५ चौरस मीटरच्या पक्क्या घराची तरतूद आहे. पालकांस ग्रामपंचायतीकडे चौकशी करण्यास सांगावे. छप्पर बदलण्याच्या दिवसांत मूल माती वाहण्यासाठी घरी राहिले, तर त्यास रागे न भरता त्याच्याकडून पाट्यांची संख्या व एका पाटीचे वजन लिहून आणवावे. त्या दोन आकड्यांच्या गुणाकारातून आपल्या डोक्यावर काय होते, हे त्या मुलाला आणि त्याच्या घराला कळेल.