वास येतो कुठून? : जुन्या गाडीतील पेट्रोल गळतीचा अभ्यास

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने बनलेली ही १०८९ सी.सी.ची गाडी. चाकरमान्यांनी गावी आणलेली एखादी पद्मिनी आपल्याकडे अजूनही मांगरात उभी असते. गणपतीला नाहीतर मे महिन्यात ती बाहेर निघते आणि दार उघडताच पेट्रोलचा भपकारा येतो. त्यावर ठरलेले उत्तर, "जुनी गाडी ती, वास येतलोच!"

मित्रहो, हे उत्तर चुकीचे आहे. गाडी कितीही जुनी असो, बंद गाडीला पेट्रोलचा ठळक वास येता कामा नये. येत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधता येते.

थोडे गणित

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की ठिणगीने पेट घेते. आता समजा, ५ मीटर बाय ३ मीटरच्या बंद गॅरेजमध्ये फक्त १०० मि.ली. पेट्रोल, म्हणजे चहाचा एक कप, गळून उडाले. त्याची वाफ होते सुमारे २० लिटर. १.४ टक्क्यांच्या हिशेबाने ती १.४ घनमीटर हवा ज्वालाग्राही करते. जमिनीवर पसरली तर थराची जाडी येते सुमारे ९ सें.मी.! आपल्या नाकाला वास मंद येतो, पण घोट्याजवळ स्फोटक मिश्रण असू शकते. म्हणून आधी दारे उघडा, गाडी ढकलत बाहेर काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. उजेडासाठी टॉर्च घ्यायचा, आणि तो गाडीपासून लांब असतानाच चालू करायचा.

वास कधी येतो?

पाना हातात घेण्याआधी हा प्रश्न विचारा. अर्धे निदान इथेच होते.

१) टाकी फुल्ल केल्यावरच वास येतो : टाकीच्या वरच्या भागात दोष. फिलरची रबरी नळी, झाकणाचे वायसर, हवेची नळी, काटा दाखवणाऱ्या युनिटचे गॅस्केट तपासा.

२) गाडी पळवून बंद केल्यावर येतो : इंजिनच्या उष्णतेने कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळते, किंवा नीडल व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सोबत काळा धूर आणि काळे प्लग असतील तर फ्लोटची पातळी तपासा.

३) इंजिन चालू असताना येतो : पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची नळी आणि जोड बघा. डिपस्टिक ओढून तिचाही वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढली असेल, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली संपमध्ये उतरते आहे. अशा वेळी गाडी चालवू नका. पडदा आणि ऑइल दोन्ही बदला.

४) रोज सकाळी, गाडी न हलवता येतो : टाकीला किंवा लोखंडी पाइपला बारीक भोक. आपल्याकडे खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मि.मी.च्या वर पाऊस! टाकीच्या पट्ट्यांखाली ओल साचते आणि गंज तिथूनच धरतो.

शोधायचे कसे?

पेट्रोल पटकन उडते, त्यामुळे थेंब दिसत नाही. सगळे जोड पुसून कोरडे करा, त्यावर टाल्कम पावडर मारा आणि खाली पांढरा कागद अंथरा. पावडर जिथे ओली होईल तिथे गळती. जुन्या गळतीचा पिवळट-तपकिरी डागही माग सांगतो. डाग जिथे संपतो तिथे न बघता, जिथे सुरू होतो तिथे वर बघा.

दुरुस्ती

दिसला जोड की आवळला, ही आपली सवय. जास्त आवळल्याने पितळी आटे जातात आणि कार्बोरेटरचे झाकण वाकते. तांब्याचे वायसर लाल तापवून मऊ करता येते, पण नवे घातलेले बरे. हे तापवणे अर्थातच गाडीपासून लांब.

नळ्यांबाबत मात्र काटकसर नको. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल येऊ लागले. जुन्या काळचे रबर त्याने फुगते, मऊ पडते किंवा तडकते. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषते. महिनोन् महिने उभ्या गाडीत पाणी तळाशी बसते आणि टाकी आतूनही गंजते. म्हणून इथेनॉल सहन करणारी नळीच मागून घ्या. पाण्याची किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी चालणार नाही. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवा.

रिकामी टाकी सर्वांत धोक्याची

गळक्या टाकीवर साबण घासून घरी पोचता येते, पण तो तात्पुरता उपाय. पुढे लोक टाकी रिकामी करून वेल्डिंगला नेतात आणि इथेच घात होतो. भरलेल्या टाकीत वाफेचे प्रमाण ७.६ टक्क्यांच्या कितीतरी वर असते, म्हणून आतले मिश्रण सहसा पेटत नाही. रिकाम्या टाकीत हवा शिरते, प्रमाण खाली येते आणि नेमके स्फोटक टप्प्यात सापडते. शिवणीत अडकलेले चमचाभर पेट्रोलही पुरते. त्यामुळे हे काम हॉस्टेलच्या मागे किंवा वर्कशॉपमध्ये गुपचूप करायचे नाही. गरम पाणी आणि डिटर्जंटने वारंवार धुऊन, पाणी भरून डाग देणाऱ्या अनुभवी कारागिराकडेच टाकी द्या. गंज सगळीकडे असेल तर टाकी बदला.

काम झाले की इंजिन चालू करून पाच मिनिटे सगळे जोड बघा. जवळ पावडरचे अग्निशामक ठेवा. पाणी मारू नका, पेट्रोल त्यावर तरंगत पसरते. रात्रभर कागद अंथरून ठेवा. सकाळी कागद कोरडा आणि वास नाही, तरच दुरुस्ती झाली म्हणायची.

थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात हा प्रश्न कदाचित येणार नाही. पण गावाकडच्या मांगरात तो नक्की येईल, आणि तिथे एटीकेटी नसते!