गिलानुपट्ठान : विनयातील रुग्णसेवा आणि एचआयव्हीसह जगणारी माणसे

विनयपिटकातील महावग्गात चीवरखन्धक नावाचे प्रकरण आहे. नावाप्रमाणे ते भिक्खूंच्या वस्त्रांविषयी आहे. तथापि आजारी भिक्खूची सुप्रसिद्ध कथा याच प्रकरणात येते. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. आयुष्मान आनंदांसह विहारात फिरत असता तथागतांची दृष्टी त्याच्यावर गेली. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. नाही, असे उत्तर आले. का नाही, या पुढच्या प्रश्नाला त्या भिक्खूने दिलेले उत्तर मन लावून वाचण्यासारखे आहे. आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपली काळजी घेत नाहीत, असे त्याने सांगितले. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. जणू हा जगाचा रीतसर व्यवहारच होता.

आनंदांनी पाणी आणले. तथागतांनी ते ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांच्या मानवतेविषयी लिहिताना ही कथा आवर्जून घेतली आहे. आपल्याकडे ती बहुधा येथवरच सांगितली जाते. विनयाच्या अभ्यासकाला मात्र पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटेल, कारण तथागत करुणेच्या एका कृतीवर थांबले नाहीत. त्यांनी नियम घालून दिला. ज्याला उपाध्याय आहे त्याची सेवा उपाध्यायाने करावी, आचार्य असल्यास आचार्याने, शिष्य असल्यास शिष्याने. आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघाने. न केल्यास तो दोष. घर सोडून आलेल्यांना येथे आईबाप नाहीत, तेव्हा त्यांनी एकमेकांना सांभाळले नाही तर कोण सांभाळणार, हा त्यामागचा विचार. ही कथा वस्त्रांच्या प्रकरणात का, याचेही उत्तर तेथेच मिळते : मृत भिक्खूचे पात्र व चीवर त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, असा नियम लगेच पुढे येतो.

त्याच ठिकाणी सेवा करण्यास सुकर अशा रुग्णाची पाच लक्षणे दिली आहेत. तो पथ्याचे करतो, पथ्यातही प्रमाण जाणतो, औषध घेतो, शुश्रूषा करणाऱ्याला आपल्या आजाराची खरी स्थिती सांगतो आणि वेदना सहन करतो. शुश्रूषकाचीही पाच लक्षणे आहेत : औषधाची व्यवस्था करता येणे, हितकर-अहितकर ओळखणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न बाळगणे आणि धम्माच्या बोलण्याने रुग्णाला उभारी देणे. या दोन याद्या वेगवेगळ्या पाठ करण्याची आपली सवय आहे. त्या एकमेकींसमोर ठेवून वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. रुग्णाचे चौथे लक्षण, म्हणजे खरे सांगणे, हे एकट्या रुग्णाच्या हाती नसते. समोरचा किळस करणार असेल, तर कोणता रुग्ण खरे सांगेल?

आपल्या काळात हा प्रश्न एचआयव्हीने जितक्या कठोरपणे विचारला, तितका क्वचितच एखाद्या आजाराने विचारला असेल. १९८९ साली गोव्यात डॉमनिक डिसोझा या रक्तदात्या तरुणाला, त्याच्या रक्तात हा विषाणू आढळला म्हणून, सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ताब्यात घेण्यात आले आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत चौसष्ट दिवस एकांतात ठेवण्यात आले. न्यायालयीन लढ्यातून तो बाहेर पडला. १९९२ मध्ये, मृत्यूपूर्वी काही काळ, त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेचा पाया घातला. ज्याच्या वाट्याला शुश्रूषक आला नाही, तोच इतरांचा शुश्रूषक झाला. अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९८३ साली रुग्णांनी स्वतःच एकत्र येऊन आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्हाला स्थान द्या, असे जाहीर केले होते. गोव्यातला हा तरुण त्याच वाटेवर होता. ‘एड्सग्रस्त’ या शब्दाऐवजी ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ असे म्हणण्याचा आग्रह याच परंपरेतून आला आहे, आणि तो केवळ शब्दांचा सोस नव्हे.

मुंबईत या प्रश्नाला श्रमिकाच्या भाकरीचे रूप आले. सार्वजनिक क्षेत्रातील एका आस्थापनेत हंगामी काम करणाऱ्या कामगाराला वैद्यकीय तपासणीत विषाणू आढळताच कामावरून दूर करण्यात आले. त्याने उच्च न्यायालयात दाद मागितली, तीही नाव प्रकट न करता. निकालपत्रात तो केवळ ‘एमएक्स’ आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की जो काम करण्यास सक्षम आहे आणि ज्याच्यापासून इतरांना लक्षणीय धोका नाही, त्याला केवळ या विषाणूमुळे काम नाकारता येणार नाही. नाव झाकून न्याय मागता येतो, ही वाटही याच खटल्याने रूढ केली. हक्क मिळविण्यासाठी माणसाला आपले नाव लपवावे लागते, यातच त्या काळाचे वर्णन आले.

उपनगरात सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात, ‘हमसफर ट्रस्ट’चे काम उभे राहिले ते याच दशकात. अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने १९९४ साली ही संस्था स्थापन झाली. समलिंगी पुरुष व तृतीयपंथी यांनी आपल्याच समाजासाठी चालविलेले हे कार्य. या माणसांवर दुहेरी मौन लादलेले होते : आजार सांगावा तर घर जाते, आणि तो कसा झाला हे सांगावे तर भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ समोर उभे. असे असताना मुंबई महानगरपालिकेने आपल्याच इमारतीत संस्थेला जागा दिली. एका हाताने कायदा गुन्हेगार ठरवीत होता आणि दुसऱ्या हाताने पालिका बसायला खोली देत होती. शासन नावाची वस्तू एकसंध नसते, याचे हे एक सुखद उदाहरण. तेथे माणसे जमत, बोलत, तपासणी व समुपदेशनाची माहिती घेत. पुढे १९९८ मध्ये मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली, आणि अशा सामाजिक संस्था व सरकारी यंत्रणा यांच्यातील दुवा अधिक पक्का झाला.

औषधाचा प्रश्न तेव्हा बिकट होता. विषाणूविरोधी औषधे निघाली होती, परंतु त्यांची किंमत चाळीत राहणाऱ्याच्या आवाक्यातली नव्हती. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने निवडक आठ रुग्णालयांत ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. २०१७ पासून तर प्रतिकारशक्ती किती उरली आहे याची वाट न पाहता, निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेकांना दिवसाकाठी एक गोळी पुरते. ती नियमित घेतल्यास रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतके खाली येते, आणि तसे ते राहिल्यास शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. औषधाखाली असलेल्या मातेपासून बाळाला लागण होणेही आता क्वचितच घडते. स्पर्श, एका ताटात जेवणे, सामाईक शौचालय, डास यांपैकी कशानेही हा विषाणू पसरत नाही, हे तर पूर्वीपासूनच सिद्ध आहे.

मग संस्थांची गरज संपली काय? औषध फुकट झाले. खरे सांगण्याची किंमत मात्र तेवढीच राहिली. मुलुंडचा रुग्ण जवळचे रुग्णालय टाळून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो, कारण जवळच्या रांगेत शेजारी भेटेल. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे बाटलीवरचे लेबल खरवडून गोळ्या डब्याच्या तळाशी ठेवाव्या लागतात. पाहुणे आले की त्या दिवसाची गोळी चुकते. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणजे रुग्णाचे तिसरे लक्षण चौथ्यावर अवलंबून आहे : जो सांगू शकत नाही, तो औषधही नीट घेऊ शकत नाही. सामाजिक संस्थेचा कार्यकर्ता नेमका येथे उपयोगी पडतो. तो स्वतः त्याच वाटेने गेलेला असतो. तो पहिल्या दिवशी रांगेत सोबत उभा राहतो. औषध न्यायला कोणी आले नाही तर चौकशीला जातो, आणि दारात शेजारी असतील तर कोठून आलो हे न सांगता परत फिरतो. पत्नीला कसे सांगावे, हे दोन-दोन महिने तो रुग्णाबरोबर बोलून ठरवितो. या कामाचा अहवाल आकड्यांत बसत नाही, म्हणून त्याला निधीही अपुराच मिळतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने या खरेपणाला संरक्षण दिले. संमतीवाचून तपासणी नाही, संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करणे नाही. नोकरी, उपचार, शिक्षण, भाड्याचे घर यांत भेदभाव नाही. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. योगायोग असा की सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ विषयीचा निकाल त्याच्या चारच दिवस आधी दिला होता.

निवासी शाळा चालविणाऱ्यांनी व तेथे मुले पाठविणाऱ्यांनी या कायद्यातील दोन तरतुदी विशेष लक्षात घ्याव्यात. प्रवेशासाठी, किंवा प्रवेश टिकविण्यासाठी, एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांच्या सेवालयातील मुले गावच्या शाळेत बसू लागली तेव्हा गावाने विरोध केला होता. अशा प्रसंगी शाळेच्या बाजूने आता कायदा उभा आहे. दुसरी तरतूद फारशी ठाऊक नसते. एचआयव्हीची झळ लागलेल्या कुटुंबात बारा वर्षांवरील, पुरेशी समज असलेले मूल आपल्या अठरा वर्षांखालील भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते यांसाठी काम पाहू शकते. म्हणजे तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाचा हात धरून आपल्या कार्यालयात आली, तर मोठ्या माणसाला घेऊन ये म्हणून तिला परत पाठविता येणार नाही. प्रवेशपत्रावर तिची सही घ्यावी लागेल. भावाला रोजची गोळी असेल, तर वसतिगृहात ती कोणत्या कपाटात राहील, कोणत्या वेळी व कोणाच्या हातून मिळेल, आणि हे एका अधीक्षकाखेरीज कोणास कळणार नाही, याची व्यवस्था त्याच दिवशी करावी लागेल.

तपासणी व समुपदेशन शासकीय आणि पालिका रुग्णालयांत विनामूल्य मिळते. नाव न सांगता विचारपूस करण्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १०९७ आहे.