शेत खातेदाराचे, खनिज शासनाचे
सातबाराच्या उताऱ्यावर नाव लागले म्हणजे जमिनीच्या पोटातील सर्व काही आपलेच, अशी समजूत कृष्णाकाठी आजही आढळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४८ पाहता ही समजूत टिकत नाही. भूपृष्ठावर असो वा भूगर्भात, नदीपात्रात असो वा बांधाखाली, खनिजावरील हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवण्यात आला आहे; शासनाच्या सनदेतच वेगळी तरतूद असेल, तर तेवढाच अपवाद. विनापरवाना उत्खनन केल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. केरळातील मलबारच्या जन्मी जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खनिजे जमीनमालकाची मानली, ती तेथे असा हक्क शासनाकडे नेणारी तरतूद आढळली नाही म्हणून.

पुढचा प्रश्न खनिजाच्या प्रकाराचा. केंद्राच्या १९५७ च्या अधिनियमाने बांधकामाचा दगड, खडी, साधी चिकणमाती आणि साधी वाळू यांना गौण खनिज मानले व त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. सातारा जिल्ह्यातील पठारांवर जांभा आहे आणि बॉक्साइटही आहे. जांभ्याचा चिरा घरासाठी काढला तर तो गौण खनिजाच्या नियमांत येतो. बॉक्साइट मात्र प्रमुख खनिज, त्याची वाट निराळी. गौण खनिजांसाठीही पूर्वी पश्चिम महाराष्ट्रात १९५५ चे मुंबईचे नियम होते, तर विदर्भ व मराठवाड्यात वेगळे. २०१३ च्या नियमांनी हा भेद मिटविला.

मातीचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार रस्ते, लोहमार्ग, इमारती इत्यादींच्या भरावासाठी वापरलेली साधी माती गौण खनिज ठरली. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले की, पायासाठी खणलेली माती त्याच जागी पुन्हा भरली, तर केवळ खणले म्हणून स्वामित्वधन लागत नाही. माती तीच, पण तिचा उपयोग कोणता यावर कायदा बदलतो! तलाठ्याकडे जाण्यापूर्वी खातेदाराने हे ध्यानी घ्यावे.

काही ठिकाणी जागाच निर्णायक ठरते. महाबळेश्वर–पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणीय संवेदनक्षेत्र म्हणून घोषित झाला आणि तेथे दगडखाणींवर कडक निर्बंध आले. कोयना व चांदोली यांचा समावेश २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात झाला. शिवाय, २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणानंतर पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक झाली.

परंतु नदीची वाळू शासनाची म्हणजे ती ठेकेदारासच द्यावी, असे कायद्यात कोठेही नाही. सांगली जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त खानापूर भागात येरळेच्या पात्रातून वाळूचा बेसुमार उपसा होत असे आणि काठच्या विहिरी आटत. १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या पाठबळाने बलवडी व तांदूळवाडीच्या ग्रामस्थांनी हा उपसा थांबविण्याची मागणी केली. पात्रातील थोडी वाळू स्वतः विकून त्या पैशातून लहान धरण बांधण्याची परवानगी त्यांनी मागितली. दीर्घ लढ्यानंतर बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्याच्या पाण्याचा हिस्सा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबामागे ठरविण्यात आला आणि भूमिहीनांनाही तो मिळाला.